रंगभूषा, मुखरंग आणि मेंदी : समारंभाला कलावंत बोलावताना



डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. वर्गातील बाके भिंतीला लागतात, पडदे बांधले जातात, ड्रेपरीवाल्याकडून पोशाखांची गाठोडी येतात आणि एका कोपऱ्यात रंगांची पेटी उघडून कोणीतरी शांतपणे कामाला बसते. पुढच्या तीनचार तासांत त्या पेटीतून शिवाजी महाराज, जिजाऊ, सावित्रीबाई, वासुदेव, वाघ आणि फुलपाखरे निर्माण व्हायची असतात. प्रेक्षकांना अखेर दिसतो तो मुलांचा नाच. पेटी घेऊन आलेल्या कलावंताचे नाव पुष्कळदा कार्यक्रमपत्रिकेवरही नसते. तरीही त्या दुपारी शेपन्नास मुलांचे चेहरे, त्यांचे डोळे आणि त्यांची कातडी या एकाच व्यक्तीच्या हाती सोपविलेली असते. असा कलावंत कोण, त्याला कसे बोलवावे, त्याच्याकडून कशाची हमी घ्यावी आणि त्याला कशाची हमी द्यावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. म्हणूनच शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे त्याचा विचार मांडणे अगत्याचे आहे.

बुवापाड्याचा परिसर

अंबरनाथ शहराच्या पश्चिम भागात बुवापाडा ही वस्ती आहे. नावातील ‘पाडा’ हा शब्द ठाणे-पालघरकडच्या लहान वस्त्यांची आठवण करून देतो. आज मात्र या पाड्याभोवती शहर दाटले आहे. एका बाजूला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आणि तेथे महाशिवरात्रीला भरणारी मोठी जत्रा. दुसऱ्या बाजूला दारूगोळा कारखाना आणि औद्योगिक वसाहत. शेजारी उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे लोहमार्गावर बदलापूर आणि त्यापलीकडे कातकरी-ठाकरांच्या वाड्या. आगरी, कोळी, कुणबी, घाटावरून आलेला कामगार, सिंधी व्यापारी, उत्तरेकडचा कारागीर अशी सर्व प्रकारची माणसे या चारसहा मैलांत नांदतात.

जेथे इतके समाज तेथे तितकेच सोहळे. मराठी घरात लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद महत्त्वाची, तर सिंधी घरात मेंदीचा समारंभ महत्त्वाचा. पूर्वी मराठी मुली नागपंचमीला मेंदीचा पाला पाट्यावर वाटीत, त्यात काथ आणि लिंबू घालीत, तळहाताच्या मध्यभागी एक ठिपका देऊन बोटांच्या टोकांना टोप्या घालीत. हे काम घरातील आजी किंवा मोठी बहीण करी आणि त्याचे पैसे कोणी कोणाला देत नसे. आता सर्व समाजांच्या लग्नांत मेंदीचा स्वतंत्र दिवस रूढ झाला आहे. वाढदिवसाला मुलांच्या गालावर चित्रे काढून घेण्याची पद्धत आली आहे. घरातल्या घरात चालणारी कला अशा रीतीने व्यवसाय बनली. या परिसरासारख्या श्रमिक वस्त्यांतील कित्येक मुली व गृहिणी या व्यवसायाकडे वळल्या आहेत. त्याला भांडवल थोडे लागते, दुकान लागतेच असे नाही आणि घर सांभाळून काम करता येते. म्हणूनच या व्यवसायात काम घेणारा आणि काम देणारा या दोघांनीही व्यवहाराची शिस्त पाळणे आवश्यक झाले आहे.

पेटीची परंपरा

रंगभूषा ही महाराष्ट्राला नवी नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून चेहरा रंगविण्याची विद्या मराठी नाटकाच्या अंगोपांगी भिनली आहे. त्याही पूर्वीपासून दशावतारातील नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवीत आले आहेत आणि बहुरूपी तर रंगांच्या बळावरच गावोगाव पोट भरीत आला आहे. स्त्रीभूमिका पुरुष करीत त्या काळात रंगभूषेवर फार मोठा भार होता. बालगंधर्वांनी (१८८८-१९६७) उभ्या केलेल्या नायिकांमागे त्यांचे गाणे व अभिनय होता, तशीच वेषभूषा आणि रंगभूषेची काटेकोर मेहनतही होती. त्यांच्याच जीवनावरील ‘बालगंधर्व’ या २०११ मधील चित्रपटाच्या रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पडद्यामागील या कलेचे मोल पुन्हा एकवार अनेकांच्या ध्यानी आले.

परंतु या परंपरेची एक काळी बाजूही आहे. जुन्या काळी हौशी नटांच्या पेटीत सफेता, पिवडी, गेरू, काजळ, हिंगूळ आणि मुरदाडशिंग असे. यांपैकी मुरदाडशिंग हे शिशाचे, तर हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग. दोन्ही विषारी. युरोपातील नटही दीर्घकाळ शिशाचा सफेता तोंडाला फाशीत. जर्मनीतील संगीतिकेचा गायक लुडविग लाइश्नर याने १८७३ मध्ये बर्लिन येथे शिसे नसलेल्या रंगकांड्यांचा कारखाना काढला. नटांच्या चेहऱ्यांचे होणारे नुकसान त्याला जवळून ठाऊक होते. म्हणजे रंग सुरक्षित असावा ही मागणी प्रथम ज्याच्या तोंडाला रंग लागतो त्याच्याकडून आली. शाळेतील सात वर्षांचे मूल अशी मागणी करू शकत नाही. ती त्याच्या वतीने शिक्षकाने आणि पालकाने करावयाची असते.

मेंदी : लाल आणि काळी

मेंदी हे झुडूप आहे. त्याचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. राजस्थानात पाली जिल्ह्यातील सोजत येथील मेंदी देशभर प्रसिद्ध असून २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पानांमध्ये लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. भुकटी भिजवून काही तास ठेवली की ते मोकळे होते आणि कातडीच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनाशी त्याचा संयोग होतो. तळहात व तळपाय यांची कातडी जाड असल्यामुळे तेथे रंग गडद चढतो. मनगटाच्या वर तो फिका राहतो. लेप काढल्यावर रंग प्रथम नारिंगी दिसतो आणि पुढील एकदोन दिवसांत तांबूस-तपकिरी होतो. कातडीचा वरचा थर जसजसा झडतो तसतसा एक ते तीन आठवड्यांत रंग नाहीसा होतो.

हे शास्त्र एवढ्यासाठी सांगावयाचे की त्यातून एक सोपी कसोटी हाती येते. नैसर्गिक मेंदीचा रंग तासाभरात काळाकुट्ट होत नाही. जी मेंदी ‘दहा मिनिटांत काळी’ होते, तिच्यात पानांखेरीज दुसरे काहीतरी मिसळलेले असते. अशा ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन हे केसांच्या कलपातील रसायन आढळते. कलपात ते ठराविक प्रमाणात आणि केसांपुरते वापरण्याची परवानगी असते. कातडीवर थेट फासण्याची नव्हे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार कातडीवर त्याचा असा वापर करता येत नाही, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने साध्या मेंदीलाही केवळ केस रंगविण्यापुरतीच मान्यता दिलेली आहे.

या रसायनाची ॲलर्जी झाली की एक ते तीन दिवसांत, पहिल्याच संपर्कात झाल्यास दोन आठवड्यांपर्यंतही, नक्षीच्या नेमक्या रेषांवर खाज, सूज आणि फोड येतात. फोड बरे होतात, पण शरीर ते रसायन विसरत नाही. पुढे वीस वर्षांनी त्या मुलीने केसांना कलप लावला, तर चेहरा सुजण्यापर्यंत पाळी येऊ शकते. काही कपड्यांचे रंग आणि बधिर करण्याची काही औषधेही तिला बाधू शकतात. लग्नघरातील एका संध्याकाळच्या हौसेची किंमत आयुष्यभर मोजावी लागू नये, एवढाच या सांगण्याचा हेतू.

आणखी एक सावधगिरी. तान्ह्या बाळाच्या हातापायांना कौतुकाने मेंदी लावण्याची चाल अनेक घरांत आहे. काही बालकांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात उणीव असते. अशा बालकांना निखळ नैसर्गिक मेंदी लावल्यावरही तांबड्या पेशी फुटून कावीळ व रक्तक्षय झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ही उणीव बाहेरून दिसत नाही. यास्तव बाळांना मेंदी न लावणेच शहाणपणाचे.

ताजी मेंदी नाशवंत असते. भिजविलेला लेप बाहेर काही दिवसांतच निकामी होतो. जाणते कलावंत तो शीतपेटीत ठेवतात. जो कोन दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने राहूनही रंग देतो, त्याच्या आवरणावर घटकद्रव्ये लिहिलेली आहेत काय हे पाहणे जरूर आहे. स्वतः भुकटी चाळून, लिंबाचा रस व साखर घालून, निलगिरीचे तेल थोडेसे मिसळून कोन भरणारी कलावंत थोडे अधिक पैसे मागत असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत.

मुखरंग : कागदाचा रंग आणि कातडीचा रंग

मुलांच्या चेहऱ्यावर वाघ किंवा तिरंगा रंगविताना सर्वांत मोठी चूक घडते ती चित्रकलेच्या तासाचे रंग वापरण्याची. पोस्टर रंगाच्या बाटलीवर ‘बिनविषारी’ असे लिहिलेले असते हे खरे, परंतु ते आश्वासन कागदावर वापरण्यापुरते असते. ते रंग चेहऱ्यासाठी तपासलेले नसतात. पुतळा साकारण्यासाठी अंगाला चंदेरी रंग फासणे तर अधिकच घातक. लोखंडी दरवाजाला द्यावयाचा तो रंग मुलाच्या अंगासाठी नसतो आणि तो काढण्यासाठी रॉकेल वापरणे म्हणजे एका इजेवर दुसरी इजा होय.

चेहऱ्यासाठी बनविलेले पाण्यात विरघळणारे रंग मिळतात. ते साबण-पाण्याने निघतात. नाटकासाठीचे तेलकट रंग खोबरेल तेल लावून पुसावे लागतात. प्रसाधनांच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, तुकडीचा क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली असणे अपेक्षित आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनी हा विषय नियंत्रित केला आहे. शिसे व अर्सेनिक यांची संयुगे रंगासाठी वापरण्यास मनाई आहे. वेष्टनच नसलेली डबी कितीही स्वस्त असली तरी शाळेच्या आवारात येऊ नये.

रंगाइतकेच महत्त्व हत्यारांच्या स्वच्छतेला आहे. एकच स्पंज चाळीस गालांवरून फिरला, तर एका मुलाची खरूज किंवा डोळ्यांची साथ चाळीस घरांत पोहोचते. कलावंताने पुरेसे स्पंज आणावेत, पाणी वारंवार बदलावे, ओठांसाठी व डोळ्यांसाठी कुंचले स्वतंत्र ठेवावेत. ज्या मुलाचे डोळे आले आहेत, ज्याच्या चेहऱ्यावर जखम, नायटा किंवा पुरळ आहे, त्याला रंगवू नये. अशा मुलाला वगळल्यासारखे वाटू नये म्हणून त्याच्यासाठी कागदी मुखवटा तयार ठेवावा. मुखवट्याची थोरवी ठाणे-पालघर-नाशिककडच्या आदिवासी बांधवांना सांगावयास नको. बोहाड्याच्या उत्सवात साऱ्या देवता मुखवट्यांतूनच अवतरतात.

दाढीमिशा चिकटविण्यासाठी क्रेप आणि स्पिरिट गम वापरतात. लहान मुलांच्या कोवळ्या कातडीला ते टाळून पेन्सिलीने रेखाटलेली मिशी पुरेशी होते. कोणतेही नवे प्रसाधन कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून एकदोन दिवस पाहावे. सर्व मुलांची अशी चाचणी शक्य नसेल, तर निदान ज्यांना ॲलर्जी, दमा किंवा इसब आहे त्यांची नावे पालकांकडून आधी लेखी मागवावीत.

तोंडी शब्द आणि लेखी शब्द

महाराष्ट्रातील गावकऱ्यांना कलावंत ठरविण्याची रीत नवी नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा समित्यांचे पंच तेथे जातात, फड पाहतात, तारीख धरतात, रक्कम ठरवितात आणि सुपारी देतात. विसार दिला-घेतला जातो, कागद होतो. ज्या पंचांना तमाशासाठी ही शिस्त अंगवळणी पडली आहे, तेच गावातील शाळेसाठी रंगभूषा करणाऱ्या मुलीला मात्र ‘ये, बघू नंतर’ एवढ्यावर बोलावतात. हा भेद नाहीसा व्हावयास हवा.

कागद मोठा नको. एका पानावर दहा गोष्टी लिहिल्या म्हणजे पुरे : तारीख, स्थळ, काम सुरू करण्याची व संपविण्याची वेळ, किती चेहरे किंवा किती हात, साहित्य कोणाचे आणि कोणते, एकूण मोबदला, विसाराची रक्कम, उरलेली रक्कम कधी व कोण देणार, जाण्यायेण्याची सोय, आणि समारंभ रद्द झाल्यास विसाराचे काय. दोघांच्या सह्या झाल्या की पुढची निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

वेळेचा हिशेब मात्र आधीच मांडला पाहिजे. गालावरील साध्या चित्राला पाच मिनिटे धरली, तरी ६० मुलांना ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास लागतात. कार्यक्रम चारला आणि कलावंत दोनला, असे ठरविणाऱ्या शाळेने निम्मी मुले अर्धवट रंगलेली मंचावर पाठविण्याची तयारी ठेवावी. दोन कलावंत बोलावले तर तेच काम अडीच तासांत होते. लग्नघरातही हाच हिशेब. पाहुण्यांच्या एका हातावर साधी नक्षी काढण्यास दहा मिनिटे लागली, तर ४० जणींना सहा तास चाळीस मिनिटे हवीत. नवरीचे काम त्याहून वेगळे. कोपरापर्यंत दोन्ही हात आणि पाय यांना चारपाच तास सहज जातात. ‘जाता जाता घरातल्या चारजणींच्या हातावरही काढ’ हा आग्रह प्रेमाचा असला, तरी तो कोणाच्या तरी मजुरीतून कापला जात असतो.

मोबदल्याची तुलना करताना केवळ आकडा पाहू नये. एकीच्या दरात चांगले रंग, स्वच्छ स्पंज आणि मदतनीस धरलेला असतो. दुसरीच्या दरात काहीच नसते. सार्वजनिक निधीतून खर्च करणाऱ्या संस्थांनी दरपत्रके मागविताना साहित्याचे स्वरूपही लिहून मागवावे, म्हणजे स्वस्त आणि निकृष्ट यांतील फरक कागदावरच दिसेल. पूर्वी केलेल्या कामाची छायाचित्रे पाहावीत. ती खरोखर तिचीच आहेत काय हे जाणण्यासाठी समोर एखादी नक्षी काढून दाखविण्याची विनंती करावी आणि त्या वेळेचेही पैसे द्यावेत.

पेटी घेऊन येणारीची बाजू

या व्यवहाराचा दुसरा पक्ष बहुधा बोलत नाही. लग्नाची मेंदी रात्री उशिरापर्यंत चालते. यजमान जेवणावळीत गुंतलेले असतात. अकरा-साडेअकराला काम संपवून, पैसे मिळण्याची वाट पाहून, एकटी मुलगी रेल्वे स्थानक गाठते. कल्याणच्या पुढे गाड्यांमधील अंतर वाढते. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. पुष्कळ घरांत मुलीला हे काम सोडावयास लावले जाते ते कमाई कमी म्हणून नव्हे, तर परतीच्या या वाटेमुळे. ज्याने बोलावले त्याने तिला घरापर्यंत पोचविणे ही मेहेरबानी नसून कराराचा भाग असावा.

तिला बसावयास नीट जागा, पुरेसा उजेड, हात धुण्यास पाणी, स्वच्छतागृह आणि वेळेवर जेवण मिळावे. वाकून सलग सहा तास रेघा ओढणाऱ्या हाताला आणि पाठीला विश्रांती लागते. काम संपताच पैसे मिळावेत. ‘अध्यक्षांची सही व्हायची आहे’ या कारणाने संस्थेकडून तीन महिने पैसे न मिळाल्यास पुढील रंग विकत घेण्याचे तिचे भांडवलच अडकते.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा केवळ कचेऱ्यांपुरता नाही. असंघटित क्षेत्रही त्याच्या कक्षेत येते आणि जेथे अंतर्गत समिती नाही तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार नेता येते. ही माहिती शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली असावी.

एक बंद दार

स्त्रीच्या हाती रंगाची पेटी असावी की नाही, हा प्रश्न फार जुना नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुंबईच्या चित्रपट व्यवसायातील रंगभूषाकारांच्या संघटनेच्या नियमांनुसार स्त्रियांना केशभूषाकार म्हणून सभासदत्व मिळे, रंगभूषाकार म्हणून नव्हे. संघटनेचे ओळखपत्र नसेल तर चित्रणस्थळी काम करणे अशक्य. अमेरिकेत रंगभूषेचे शिक्षण घेऊन आलेल्या चारू खुराना यांना याच कारणाने सभासदत्व नाकारले गेले. त्यांच्यासह इतर काहीजणींनी दाद मागितली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने हा नियम घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अटही त्याबरोबर गेली. समानतेचा, व्यवसाय करण्याचा आणि प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क केवळ स्त्री आहे म्हणून हिरावता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

सुमारे सहा दशके हा नियम कोणी फारसा खटकू दिला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जी स्त्री शेजारणीच्या हातावर मेंदी काढते तिचे कौतुक होत राहिले. तीच स्त्री मोबदला आणि ओळखपत्र मागू लागली तेव्हा दार बंद आढळले. मोठ्या पडद्यामागील ते दार न्यायालयाने उघडले. शाळेच्या आणि पंचायतीच्या पातळीवरील दारे मात्र समाजाने स्वतःच उघडावयाची आहेत.

संस्थांनी करण्याजोगे

राष्ट्रीय मतदार दिन २०११ पासून २५ जानेवारीला पाळला जातो. त्यानिमित्त आणि महिला दिनानिमित्त ठिकठिकाणी मेंदी व रांगोळी स्पर्धा भरतात. अशा स्पर्धांतून वस्तीतील हुन्नर दिसून येतो, पण बक्षीस समारंभाबरोबर ती ओळख संपते. स्पर्धेतील गुणी मुलींची नावे, त्यांच्या संमतीने, नगरपरिषदेने किंवा पंचायतीने नोंदवून ठेवली आणि पुढील शासकीय व शालेय कार्यक्रमांना त्यांना रीतसर मोबदल्यावर बोलावले, तर स्पर्धेला अर्थ येईल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत सौंदर्यप्रसाधन हा व्यवसाय समाविष्ट आहे. जवळच्या कोणत्या संस्थेत तो चालतो याची चौकशी मुलींना शिक्षकांनी करून द्यावी. महिला आर्थिक विकास महामंडळाने (स्थापना १९७५) उभारलेल्या बचत गटांच्या जाळ्यातून साहित्य एकत्रित खरेदी करता येते. चारपाच जणींनी मिळून एक चांगली पेटी, एक दिवा आणि घडीच्या खुर्च्या घेतल्या तर खर्च वाटला जातो आणि रात्री एकटीने परतण्याचा प्रसंगही टळतो. २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि बँकेकडे कर्ज मागताना ती उपयोगी पडते. २०२१ पासूनच्या ई-श्रम नोंदणीमुळे असंघटित कामगार म्हणून शासनदरबारी ओळख मिळते. दुकान काढावयाचे झाल्यास, थोडेच कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार केवळ सूचना द्यावी लागते.

शाळांनी आणखी एक गोष्ट करावी. संमेलनाच्या आधी आठवडाभर वरच्या वर्गातील मुलामुलींना त्याच कलावंताकडून एक तासाचा धडा द्यावा : रंग कशाचे असतात, वेष्टन कसे वाचावे, नैसर्गिक मेंदी काळी का होत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातील प्रथिने आणि रंगद्रव्ये यांना तळहातावरचे उदाहरण मिळेल आणि कलावंताला ‘बाई’ म्हणून वर्गात उभे राहण्याचा मान मिळेल.

एवढे करूनही कोणाला बाधा झालीच, तर घाबरू नये. रंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवावा, घरगुती लेप लावण्याच्या फंदात न पडता डॉक्टरकडे जावे आणि उरलेला कोन किंवा डबी फेकून न देता जपून ठेवावी. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच पुरावा असतो.

उपसंहार

समारंभ संपतो, मंडप उतरतो, चेहरे धुतले जातात. मेंदीही दोन आठवड्यांत विरते. या कलेचे काम मुळातच टिकणारे नाही. टिकावी ती माणसांची कातडी आणि माणसांमधील व्यवहाराचा विश्वास. बुवापाड्यातील एखादी मुलगी रंगांची पेटी घेऊन शाळेच्या फाटकातून आत येते, तेव्हा तिच्या पेटीतील प्रत्येक डबी वेष्टनासह असावी, शाळेच्या टेबलावर सह्या झालेला कागद असावा, आणि संध्याकाळी ती घरी परतताना ठरलेले पैसे तिच्या हाती व सोबत कोणीतरी असावे. यांत फार मोठ्या योजनेची गरज नाही. कार्यक्रमपत्रिकेवर अध्यक्षांच्या आणि पाहुण्यांच्या नावांखाली ‘रंगभूषा’ या शब्दापुढे तिचे नाव छापण्यापासून या कामाला आरंभ करता येईल.